पोशाखावरून भांडू नका, शक्तीवरून खुशाल भांडा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कॉमिकमधल्या सुपरहिरॉइनवर मालिका आली आणि तिचा पोशाख, शक्ती किंवा जन्मकथा बदलली, की चाहते एवढे का भांडतात? मालिका कॉमिकबरहुकूम असायलाच हवी का? आणि 'मिस मार्व्हल' बघण्याआधी कॉमिक वाचावं का?

बरहुकूम असायची काहीच गरज नाही. पण 'टीव्हीसाठी बदल करावेच लागतात' असं म्हणून चाहत्यांना गप्प बसवणारेही मला आवडत नाहीत. मी एवढंच बघतो, की जी गोष्ट बदलली तिच्यावर कथेचं काय अवलंबून होतं? काहीच नसेल तर खुशाल बदला. आणि सगळंच असेल, तर तिच्या जागी तेवढ्याच ताकदीचं दुसरं काहीतरी आणून ठेवा, नाहीतर शिव्या खायची तयारी ठेवा.

मी फोंड्याजवळच्या गावात राहतो. घरात बारावीतली भाची आहे आणि या विषयावर आमचं अजिबात जमत नाही, त्यामुळे खालचं बरंचसं जेवणाच्या टेबलावर घासून-पुसून झालेलं आहे.

आधी 'मूळ' म्हणजे कुठलं, ते ठरवू. वंडर वुमन घ्या. विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ती लिहिली, एच. जी. पीटरनं ती काढली आणि १९४१च्या शेवटी ती पहिल्यांदा छापून आली. खोटं बोलणाऱ्याला रक्तदाबावरून पकडायच्या चाचणीवर काम करणारा हाच मार्स्टन, आणि त्याच्या नायिकेच्या हातात खरं बोलायला लावणारा दोर. पुढे १९६८मध्ये कुठल्याही टीव्हीवाल्यानं नव्हे, खुद्द कॉमिकवाल्यांनीच तिची शक्ती काढून घेतली. चांदण्यांचा पोशाख गेला, पांढरे कपडे आले, ती हाणामारीची विद्या शिकली आणि तिनं चक्क फॅशनच्या कपड्यांचं दुकान काढलं. १९७२मध्ये स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' मासिकानं पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली अवाढव्य वंडर वुमन छापली. स्टायनम लहानपणापासूनच्या वाचक. शक्ती हिरावलेली नायिका त्यांना मुळीच पटली नव्हती. १९७३मध्ये शक्ती परत आली.

आणि १९७४मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीनं कॅथी ली क्रॉस्बीला घेऊन टीव्हीपट काढला तो कुठल्या वंडर वुमनवर? शक्ती नसलेल्या! सोनेरी केस, गुप्तहेर छापाची कामं. कॉमिकनं नुकतंच टाकून दिलेलं रूप टीव्हीनं उचललं. त्यातून मालिका उभी राहिली नाही. पुढच्याच वर्षी त्याच वाहिनीनं लिंडा कार्टरला आणलं आणि सगळं चाळीसच्या दशकात नेऊन ठेवलं. दुसरं महायुद्ध, नाझी, चांदण्या, दोर, अदृश्य विमान. ती मालिका चालली.

आता त्या मालिकेतली सगळ्यांत गाजलेली गोष्ट आठवा. डायना प्रिन्स गोल गिरकी घेते, लख्ख प्रकाश होतो आणि वंडर वुमन उभी राहते. मार्स्टननं ही गिरकी लिहिलेली नाही. नृत्य शिकलेल्या कार्टरनं ती सुचवली. आज कुठल्याही चाहत्याला विचारा, गिरकीशिवायची वंडर वुमन त्याला अर्धवट वाटेल. त्याहून गमतीचं म्हणजे मालिका महायुद्धात घडते म्हणून १९७७मध्ये कॉमिकही काही काळ महायुद्धाच्या काळात गेलं, आणि मालिका सीबीएस या दुसऱ्या वाहिनीकडे जाऊन वर्तमानात आली तसं कॉमिकही परतलं. (वर्तमानात आल्यावर नायिका तशीच तरुण, पण नायकाचं काय करायचं? त्याचा मुलगा म्हणून तोच नट उभा केला. आपल्याकडे पुनर्जन्म चालतो, तिकडे हे चाललं.)

तेव्हा 'मूळ' कुठल्या तिजोरीत ठेवलेलं नसतं. ते दोन्हीकडून बदलत राहतं. हे मान्य केलं की पोशाखाचं भांडण किती पोकळ असतं ते दिसायला लागतं.

त्याचा सगळ्यांत मोठा नमुना २०११चा. डेव्हिड ई. केली या नावाजलेल्या लेखकानं एनबीसी वाहिनीसाठी वंडर वुमनचा पायलट, म्हणजे मालिका घ्यायची की नाही ते ठरवायला बनवलेला नमुन्याचा भाग केला, मुख्य भूमिकेत एड्रियान पॅलिकी. मार्चमध्ये पहिला फोटो बाहेर आला आणि जगभरचे चाहते तुटून पडले ते चकचकीत निळ्या पँटवर. पुढे चित्रीकरणात पँटचा रंग गडद झाला, निळे बूट लाल झाले. पँट ही टीव्हीची आगळीक होती असंही नाही, कारण २०१०मध्ये सहाशेव्या अंकात कॉमिकमधल्या डायनानंही पँट चढवली होती. एनबीसीनं मालिका घेतली नाही. पण तो भाग नंतर फुटला आणि ज्यांनी पाहिला त्यांना कळलं की दुखणं कमरेखाली नव्हतंच. या डायनाची लॉस एंजेलिसमध्ये मोठी कंपनी आहे, ती स्वतःच्या बाहुल्या विकते, बैठकीत बाहुलीच्या छातीच्या आकारावरून चिडते, रात्री मांजरासोबत एकटी बसून रडका सिनेमा बघते आणि मारामारीत एका पहारेकऱ्याला सरळ ठार करते. प्रेम आणि सत्य यांच्या जोरावर लढणारी, शत्रूलाही सुधारायची संधी देणारी मार्स्टनची बाई त्यात कुठेच नाही. सगळा राग पँटवर खर्च झाला आणि खऱ्या दुखण्यावर बोलणारे मोजके उरले.

आमच्याकडे काल्याला दशावतारी येतात ते बघा. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, संवाद तिथेच सुचतात. एकाच आख्यानातली राणी एका मंडळाकडे धाय मोकलून रडेल, दुसऱ्याकडे तलवार उपसेल, आणि राणी झालेला तर मिशी काढलेला बाप्याच. कुणाची तक्रार नसते. जरीची साडी भाड्याची आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. पण आख्यानाआधी येणारा संकासुर आणलाच नाही तर? म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी देवळात आयोजकाला धरतील. कुठे ढील द्यायची आणि कुठे नाही हे त्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. कॉमिकच्या चाहत्यांनी एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

आता 'मिस मार्व्हल'. इथे मात्र मी चिडलेल्यांच्या बाजूचा आहे.

मिस मार्व्हल म्हणजे कमला खान. ती २०१३मध्ये एका अंकात ओझरती दिसली आणि २०१४पासून तिचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, संपादकांत सना अमानत. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, घरात कडक आई, हळवा बाबा, धार्मिक भाऊ. ही पोरगी सुपरहिरोंवर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहीत बसलेली. एका रात्री शहरावर विचित्र धुकं उतरतं आणि तिच्यातली सुप्त शक्ती जागी होते. शक्ती आल्याबरोबर ती कोण होते? तिची लाडकी सुपरहिरॉइन, गोरी, उंच, सोनेरी केसांची कॅरल डॅन्व्हर्स. तिला जे व्हायचं होतं नेमकं तेच. आणि लगेच कळतं, की हे अंगाला बसत नाही. बूट चावतात, केस तोंडावर येतात, तोकडा पोशाख नको तिथे रुततो. तिथून पुढची कथा म्हणजे आपल्याच शरीरात परत येण्याची कथा आहे.

तिची शक्ती काय, तर अंग हवं तसं लांबवणं, फुगवणं, आकसवणं. मूठ मोटारीएवढी होते, पाय सुपारीच्या झाडासारखे वाढत जातात. दिसायला सगळं बेंगरूळ, थोडं हसू येणारं. पण सोळाव्या वर्षी कुठली मुलगी स्वतःच्या हातापायांकडे बघून अशी अवघडत नाही? शक्ती आणि वय यांची इतकी घट्ट सांगड मी फार कमी सुपरहिरोंमध्ये पाहिली आहे. कोळी चावलेल्या पोराचं नाव तेवढं घेता येईल.

८ जून २०२२ला मालिका सुरू झाली, सहा भागांची. त्यात कमलाला शक्ती मिळते ती पणजीच्या बांगडीतून. कराचीहून नानीनं पाठवलेली बांगडी हातात चढते, हातातून जांभळट प्रकाश निघतो आणि तो स्फटिकासारखा घट्ट होतो. त्यावर पाय ठेवून चालता येतं, त्याची ढाल होते. छान दिसतं. पण शरीर गेलं ना! जे तिच्या आत होतं ते हातातल्या दागिन्यात गेलं. ती कॅरल होत नाही, त्यामुळे कॅरल होणं नाकारतही नाही. पहिल्या खंडाचा सगळा पीळ त्या एका नकारात होता.

हे का केलं? मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी दिलेलं कारण असं, की कॉमिकमध्ये ती ज्या घडामोडींच्या मध्यात जन्मली ती वेळ आणि सिनेमांच्या विश्वातली आत्ताची वेळ जुळत नव्हती. खरं आहे, ते धुकं, ज्यानं शक्ती जाग्या होतात, त्या 'इनह्यूमन्स' मंडळींच्या कथानकातलं, आणि त्यांच्यावरची २०१७ची मालिका आठ भागांतच आटोपली होती. चाहत्यांच्या शंका वेगळ्या. लांबणारे हातपाय आठवड्यामागून आठवडे पडद्यावर दाखवायचे तर खर्च फार आणि ते भीतीदायक दिसण्याचा धोका. शिवाय तीच शक्ती असलेला मिस्टर फॅन्टास्टिक एकच महिना आधी सिनेमात दिसून गेला होता. दोन लवचीक माणसं नकोत, असंही असेल. कारणं व्यवहारातली आहेत, मला समजतात. पण कारण समजलं म्हणून नुकसान भरून निघत नाही.

आता बांगडीची बाजूही मांडतो, नाहीतर भाची हे उत्तर पुरं होऊ द्यायची नाही. फाळणी आणि बांगड्या मालिकेनं हवेतून आणलेल्या नाहीत. कमलाचे पणजी-पणजोबा १९४७मध्ये मुंबई सोडून कराचीला निघतात, हे कॉमिकमध्ये आधीच येऊन गेलं होतं. मालिकेनं तो धागा पकडला आणि त्याला पाचव्या भागाचा मोठा वाटा दिला. रेल्वे स्टेशनवरची ती गर्दी, हातातून सुटणारं मूल. अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या मालिकेत फाळणी बघायला मिळेल असं मला तरी कधी वाटलं नव्हतं. आम्हा गोव्यातल्यांना फाळणी तशी लांबची, ४७ साली आम्ही पोर्तुगिजांच्या ताब्यात. पण कराची लांबची नाही. गोव्यातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं पोटापाण्यासाठी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. शेजारच्या आंटीचे वडील कराचीत नोकरीला होते. चौथ्या भागात कमला कराचीला उतरते तेव्हा आंटी भाचीला विचारायला लागली, 'ही कराची खरी गो?' चित्रीकरण थायलंडचं आहे, हे आम्ही तिला सांगितलं नाही.

तर बांगडीनं इतिहास दिला, हे कबूल. भाचीचं म्हणणं त्याच्याही पुढचं. ती म्हणते, "मामा, अवघडलेपण इमान वेलानीच्या चालण्या-बोलण्यातच आहे. त्यासाठी हात कशाला लांब करायला हवेत? आणि तू कधी सोळा वर्षांची मुलगी होतास?" दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प. पहिल्यावर नाही. वेलानी अप्रतिम आहे, ती स्वतः त्या कॉमिकची जुनी वेडी आहे आणि ते दिसतं. पण मग शक्ती ही नुसती रोषणाई उरते. नटीनं जे सांभाळलं ते तिनं शक्तीशिवाय सांभाळलं, आणि सुपरहिरोच्या गोष्टीत शक्तीला काम नसेल तर ती कशाला? शेवटच्या भागात प्रकाशाचे हातपाय करून कमलाला एकदा मोठी करून दाखवली आहे. रुसलेल्या पोराच्या हातावर खाऊ ठेवावा तसं मला ते वाटलं.

आणि पुढची गंमत: त्याच शेवटच्या भागात तिच्या जनुकांत काहीतरी 'म्युटेशन' असल्याचं सूचित केलं. २०२३मध्ये कॉमिकमध्ये कमलाला मारलं, तेही स्पायडरमॅनच्या अंकात, ज्यावरून वाचक प्रचंड चिडले. मग जिवंत केलं आणि म्युटंट, म्हणजे जनुकांतूनच शक्ती आलेली, म्हणून जाहीर केलं. त्या नव्या कॉमिकच्या सहलेखकांत खुद्द इमान वेलानी. म्हणजे १९७७सारखंच, टीव्हीमागून कॉमिक चालत गेलं. पण लांबणारे हातपाय? ते कॉमिकनं सोडले नाहीत. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला यापेक्षा चांगलं काही मला मिळणार नाही.

बदल करून नीट निभावलेलं उदाहरण हवं असेल तर 'जेसिका जोन्स', २०१५. कॉमिकमधला खलनायक किलग्रेव्ह डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या कातडीचा. मालिकेत डेव्हिड टेनंट साध्या माणसासारखा दिसतो, फक्त कपडे जांभळे. जेसिकाची मैत्रीण कॅरल डॅन्व्हर्स होती, तिच्या जागी ट्रिश वॉकर. सुपरहिरोचा पोशाख तर मालिकेत एक थट्टा म्हणून येतो आणि जेसिका तो झिडकारते. एवढं बदलूनही फारसा आरडाओरडा झाला नाही, कारण किलग्रेव्ह बोलेल ते समोरच्याला करावंच लागतं, आणि त्यातून सुटलेली बाई पुढे कशी जगते, हे जसंच्या तसं राहिलं. उलट कातडी जांभळी नसल्यामुळे तो जास्त भयंकर झाला. असा माणूस बसमध्ये शेजारी बसला तरी कळायचं नाही.

'शी-हल्क'वर थोडक्यात. या बाईचा जन्मच टीव्हीच्या धाकानं झाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हल्कची मालिका जोरात होती. टीव्हीवाले आपणहून एखादी हल्कीण काढतील आणि तिचे हक्क त्यांच्याकडे जातील या भीतीनं मार्व्हलनं घाईनं स्वतःची काढली. लेखन स्टॅन ली, चित्रं जॉन बुसेमा, पहिल्या अंकावर तारीख फेब्रुवारी १९८०. २०२२च्या मालिकेत ती थेट प्रेक्षकांशी बोलते आणि शेवटच्या भागात तर मालिका ज्यावर दिसते त्या अॅपच्या पडद्यातूनच बाहेर पडून लेखकांना जाब विचारायला जाते. 'कॉमिकची वाट लावली' म्हणून यावर जे ओरडले, त्यातल्या बऱ्याच जणांनी १९८९चं जॉन बर्नचं कॉमिक उघडलेलंही नसावं. तिथे ती हेच करते, चिडून कॉमिकची पानं फाडते. बरहुकूम असूनही शिव्या बसल्या, तो हा प्रकार.

यावरून एक सांगायचं राहिलं होतं. सगळीच भांडणं चाहत्यांची नसतात. 'मिस मार्व्हल'चा एक भाग धड न बघता एक तारा देऊन मोकळे झालेले लोक होतेच, आणि त्यांचं दुखणं बांगडीशी नव्हतं, नायिकेच्या रंगाशी आणि धर्माशी होतं. ओळखायची सोपी खूण सांगतो. 'तुम्हाला कुठला अंक आवडतो?' असं विचारा. खरा चाहता तासभर सोडणार नाही. दुसरा विषय बदलेल. निर्मातेही याचा फायदा घेतात बरं का. आधीच सगळ्या टीकेला द्वेष म्हणून टाकलं, की बांगडीबद्दलच्या रास्त प्रश्नालाही उत्तर द्यावं लागत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न: हो, कॉमिक आधी वाचा. पहिला खंड पुरे. त्यात मुख्य अंक पाचच आहेत, एका बैठकीत होतो, आणि त्याला २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळालेला आहे. मग मालिका बघा. पहिला भाग त्यातल्या रंगीबेरंगी भिंतींसाठी, तिसरा लग्नातल्या नाचासाठी, चौथा-पाचवा कराची आणि फाळणीसाठी. त्यातल्या 'जिन' म्हणवणाऱ्या अमानवी टोळीच्या भानगडीत फार जीव अडकवू नका, मालिकेचाही अडकलेला दिसत नाही. सहावा संपला की बांगडी की हातपाय, ते खाली कळवा. भाची प्रतिक्रिया वाचणार आहे, आणि सध्या घरात एकास एक मत आहे.